मदत हवी आहे: लंडनच्या सिटी फार्मवर मुलांना नेताना गोग्रास बरोबर नेता येईल का?

नमस्कार.

आम्ही पूर्व लंडनमध्ये राहतो. मुलगी सहा वर्षांची आहे आणि मुलगा अडीच वर्षांचा. माझे सासरे, ज्यांना घरात सगळेच अण्णा म्हणतात, गेल्या रविवारी खटाव तालुक्यातून आमच्याकडे आले असून तीन महिने राहणार आहेत. त्यांच्या गोठ्यात एक गाय आणि चार शेळ्या आहेत. निघायच्या दिवशी पहाटे धार काढूनच ते गाडीत बसले होते, आणि इथे आल्यापासून फ्लॅटच्या खिडकीशी उभे राहून ‘एवढ्या मोठ्या गावात एकही जनावर हंबरत नाही’ असे रोज एकदा तरी म्हणतात. त्यामुळे नातवंडांसह त्यांना एखाद्या सिटी फार्मवर, म्हणजे शहरातच जनावरे पाळून लोकांसाठी खुल्या ठेवलेल्या जागी, न्यावे असे ठरवले आहे. पुढील तीन गोष्टींत मार्गदर्शन हवे आहे.

पहिली गोष्ट गोग्रासाची. घरी पहिली पोळी बाजूला काढून गाईला घालण्याचा अण्णांचा नेम आहे. इथेही ते पहिली पोळी तूप लावून डब्यात ठेवतात आणि संध्याकाळी नाइलाजाने स्वतः खातात. फार्मवर ती पोळी नेली तर चालेल का? आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे, हे मुद्दाम नमूद करते.

दुसरी गोष्ट मुलाची. त्याचा अंगठा सतत तोंडात असतो. हातांना लावायची जंतुनाशक जेल बरोबर ठेवली तर पुरेसे होईल का?

तिसरी गोष्ट मुलीची. गेल्या वर्षी एका फार्मवर शेळीने तिच्या हातमोज्याची दोरी तोंडात धरून ओढली. शेळी सोडेना, मुलगी किंचाळली, आणि तेव्हापासून ती कुंपणाच्या चार हात लांबच उभी राहते. तिची भीती कशी घालवावी?

बाबागाडी चालेल असे ठिकाणही सुचवावे.

थेम्सकाठ:

पूर्व लंडनमधल्याच आइल ऑफ डॉग्सवरील मडशूट हे सिटी फार्म तुम्हांला सोयीचे पडेल. डीएलआर या हलक्या रेल्वेने क्रॉसहार्बर स्थानकावर उतरलात की ते जवळच आहे. सुमारे ३२ एकरांचा परिसर असल्यामुळे मुले कंटाळली तरी मोकळे हुंदडता येते आणि प्रवेशशुल्क नाही. शेळ्या, मेंढ्या आणि लामा मुलांना जवळून पाहायला मिळतात. मिलवॉल गोदीतून उपसलेला गाळ तिथे आणून टाकत, त्यावरून हे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानवेधी तोफा होत्या आणि त्यांची आठवण म्हणून एक तोफ अजूनही मांडलेली आहे. (आमच्या चिरंजीवांनी प्राण्यांपेक्षा तोफेसमोरच जास्त वेळ काढला.) पुढे १९७७ मध्ये स्थानिक रहिवाशांनी संस्था स्थापन करून ही जागा राखली. पावसानंतर गेलात तर बाबागाडीची चाके चिखलात रुततात, हे ध्यानात ठेवावे.

खुराडे:

मी काही वर्षे एका सिटी फार्मवर स्वयंसेवक म्हणून काम करते, म्हणून गोग्रासाविषयी जरा सविस्तर लिहिते.

पोळी नेऊ नका. फार्मवरच्या लोकांना आवडत नाही एवढ्यापुरता हा प्रश्न नाही, तसा कायदाच आहे. घरच्या स्वयंपाकघरातून गेलेले कोणतेही अन्न गाय, शेळी, मेंढी, डुक्कर किंवा कोंबडी यांना घालण्यास ब्रिटनमध्ये बंदी आहे, मग ते जनावर परसात हौसेने पाळलेले का असेना. शाकाहारी घरालाही सूट नाही, कारण आपल्या ओट्यावर दूध, दही, तूप असतेच, आणि तुमच्या पोळीला तर तूप लावलेले आहे. या कडकपणाचे मूळ २००१ मध्ये आहे. त्या वर्षी इथे लाळ्या-खुरकूत रोगाची मोठी साथ आली. नीट न उकळलेले खरकटे डुकरांना घातल्यामुळे ती सुरू झाली, असा निष्कर्ष निघाला. साथ आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. अण्णांना ‘लाळ्या-खुरकूत’ एवढाच शब्द सांगा, पुढचे समजावून सांगावे लागणार नाही.

त्याच रोगामुळे तुम्ही न विचारलेली एक गोष्टही सांगते. अण्णा गोठ्यातून थेट इकडे आले आहेत. हा रोग भारतात अजून आहे, ब्रिटनमध्ये नाही. माणसाला तो सहसा बाधत नाही, पण त्याचे विषाणू पादत्राणांच्या तळव्याला लागलेल्या शेणामातीतून दूरवर जाऊ शकतात. गावाकडच्या वहाणा फार्मवर मुळीच घालू देऊ नका, धुतलेले कपडे आणि इथे घेतलेले बूट वापरा, आणि जाण्यापूर्वी फार्मवर दूरध्वनी करून अण्णा कधी व कोठून आले ते स्पष्ट सांगा. त्यांनी आणखी काही दिवस थांबायला सांगितले तर थांबा.

वावर:

आपण सगळे शेणामातीत वाढलो आणि आपल्याला काही झाले नाही. जेल काय, बूट काय, इतका बाऊ कशासाठी, असे प्रांजळपणे विचारतो.

खुराडे:

वावर, काही झाले नाही ते आपल्याला, म्हणजे जे आज इथे लिहीत आहेत त्यांना. २००९ मध्ये सरे परगण्यातील एका खुल्या फार्मवर ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूची लागण झाली. ९३ जण आजारी पडले आणि त्यांतील ७६ मुले दहा वर्षांखालील होती. हा जिवाणू गुरामेंढरांच्या आतड्यात त्यांना काहीही त्रास न देता राहतो, पण लहान मुलाच्या पोटात गेला तर मूत्रपिंडापर्यंत बाधा पोहोचू शकते. म्हणून धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. जेलवर विसंबू नये. साबण आणि वाहते पाणीच हवे, कारण हातावरची घाण निघून जावी लागते आणि जेलने ती फक्त पसरते. प्राण्यांना हात लावल्यावर, काही खाण्यापूर्वी आणि बूट काढल्यानंतर, अशा तिन्ही वेळा हात धुवा. कुंपणापाशी उभे असताना बिस्कीट देऊ नका. अंगठा चोखणाऱ्या मुलाला तिथे कडेवर घेणे सोपे पडते, आणि बाबागाडीची चाके घरात आणण्यापूर्वी पुसा.

कोणी गरोदर मैत्रीण बरोबर येणार असेल, तर तिने मेंढ्या विण्याच्या दिवसांत मेंढ्या-कोकरांच्या जवळ जाऊ नये. त्यांच्याकडून होणाऱ्या काही संसर्गांनी गर्भपात होऊ शकतो.

मुलीच्या बाबतीत घाई करू नका. दोऱ्या, ओढणी, लोंबते बंद घरीच ठेवा आणि शेळीची जबाबदारी अण्णांवर सोपवा, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगले जमेल.

धागाकर्ती:

सर्वांचे मनापासून आभार. फार्मने सांगितले तेवढे दिवस थांबून आम्ही काल मडशूटला जाऊन आलो.

वहाणांचे म्हणणे अण्णांनी एका शब्दात मान्य केले. त्यांच्या वहाणेच्या टाचेच्या खाचेत वाळलेले शेण खरोखरच होते. मी ते दाखवल्यावर ते ओशाळले आणि वहाणा स्वतःच पिशवीत बांधून माळ्यावर टाकल्या. पोळीचे मात्र त्यांना लागले. ‘सरकारला गोग्रास कसा कळणार’ असे म्हणून ते थोडा वेळ गप्प बसले, मग स्वतःच म्हणाले, ‘आपल्याकडे खुरकुतीत जनावर वैरणीला तोंड लावत नाही, ते मी बघितलंय. नको घालायला.’

मुलगी आधी लांबच होती. अण्णा कुंपणाशी उकिडवे बसले आणि तिला म्हणाले, ‘तिचं तोंड बघ, वरच्या बाजूला पुढचे दातच नाहीत तिला.’ शेळी गवत ओढत होती, खालचे दात आणि वरची नुसती कडक हिरडी स्पष्ट दिसत होती. मुलीने दोन पावले पुढे येऊन पाहिले, मग आणखी एक पाऊल टाकले. ‘मग तिने माझी दोरी तोडली का नाही?’ या तिच्या प्रश्नावर अण्णा म्हणाले, ‘तोडत नव्हती, गवत समजून ओढत होती.’ तिने शेळीला हात लावला नाही, मीही आग्रह केला नाही. पण परत येताना गाडीत तिने स्वतःची हिरडी बोटाने दाबून पाहिली (हात धुतलेले होते).

मुलगा बहुतेक वेळ कडेवर होता आणि त्यामुळे माझा खांदा आज दुखतो आहे. डब्यातली पोळी अण्णांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन बाहेरच्या बाकावर बसून खाल्ली.

आता नवा प्रश्न उभा राहिला आहे. अण्णांना तिथे सकाळी दोन तास झाडलोट करायला जायचे आहे. पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, असे नियमांत वाचले. खुराडे, नुकत्याच परदेशी गोठ्यातून आलेल्या आणि इंग्रजी न येणाऱ्या माणसाला तुमच्या फार्मवर घेतात का, आणि घेत असतील तर कोणाशी बोलावे?