कानातील दडे आणि कोमट तेल

प्रश्न (रावेर): परवा तापीत पोहून आल्यापासून माझ्या उजव्या कानात दडे बसले आहेत. आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून मळ काढू पाहिला, तर ऐकू येणे आणखी कमी झाले. आई लसणाचे कोमट तेल सोडायचे म्हणते, सोडावे का?

उत्तर (भुसावळ): आधी ती काडी दूर ठेवावी. मोठ्या माणसाची कर्णनलिका जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब व किंचित नागमोडी असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक मऊ हाडाचा, उरलेला कठीण हाडाचा. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या भागात असतात आणि नलिकेची त्वचा पडद्याकडून बाहेर सरकत तो मळ आपोआप आणून सोडते. त्यामुळे पडद्याजवळ साचलेला मळ बहुधा आपणच ढकललेला असतो. पाण्याने तो फुगतो, म्हणून दडे.

उत्तर (चोपडा): तेलाबाबत माझे मत थोडे कडक आहे. पडद्याला छिद्र असेल किंवा कान वाहत असेल, तर थेंबभरही नको. आणि लसूण तर नकोच, नलिकेची नाजूक त्वचा त्याने भाजते. कान ठणकत असेल, त्यातही मधुमेह असेल, तर तपासणी लांबवू नये.

प्रश्नकर्ता: आज डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहून हरभऱ्याएवढा काळा खडा काढला. आईला तो दाखवला. तेलाची वाटी तिने मुकाट्याने आत नेली.