‘द नॅचरल’चा शेवट: पुस्तकातला आणि पडद्यावरचा

बेसबॉलवरचे अमेरिकी चित्रपट शेवटच्या चेंडूवर नायकाला जिंकवतात आणि ही सवय त्या खेळावरच्या साहित्यातून आली, असा एक दावा केला जातो. पहिला भाग मान्य. दुसरा पटत नाही, कारण त्यासाठी दाखला म्हणून दिला जाणारा ‘द नॅचरल’ हा चित्रपट (१९८४) नेमका उलट साक्ष देतो. बर्नार्ड मॅलमड यांच्या १९५२ सालच्या मूळ कादंबरीत नायक, बेसबॉलपटू रॉय हॉब्ज, सामना हरण्यासाठी लाच घेतो, ऐन खेळात त्याचे मन पालटते, पण तोवर उशीर झालेला असतो: त्याची लाडकी बॅट ‘वंडरबॉय’ उभी दुभंगते आणि निर्णायक क्षणी एका कोवळ्या पिचरसमोर (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूसमोर) तो स्ट्राइक आउट, म्हणजे तीन स्ट्राइकनंतर बाद, होतो. चित्रपटातही बॅट मोडते, मात्र तिथे बॅटबॉयने (संघाच्या बॅटी सांभाळणाऱ्या मुलाने) घडवलेली दुसरी बॅट हाती येते, चेंडू मैदानाच्या दिव्यांवर आदळतो आणि रॉयच्या भूमिकेतला रॉबर्ट रेडफर्ड ठिणग्यांच्या पावसात धावत सुटतो. दृश्य देखणे आहे, यात वाद नाही (निम्मे काम रँडी न्यूमन यांचे संगीतच करते), पण तो विजय पटकथेचा आहे, मॅलमड यांचा नव्हे.

कथेतला हॉटेलच्या खोलीत तरुणीने नायकावर गोळी झाडण्याचा प्रसंग ज्यांना अतिरंजित वाटला, त्यांच्यासाठी आणखी एक: १९४९ साली शिकागोतील एका हॉटेलात फिलाडेल्फिया फिलीज या बेसबॉल संघाचे खेळाडू एडी वेटकस यांच्यावर एका तरुण चाहतीने अशीच गोळी झाडली होती, आणि त्यातून बरे होऊन ते १९५० मध्ये वर्ल्ड सिरीज (अमेरिकी बेसबॉलची अंतिम विजेतेपदाची मालिका) खेळले.