शेजारच्या आजोबांचे जुने चाकू: डबा कोरडा, तरी अर्धेच गंजले कसे?

बर्फातली_तुळस:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, कारण सगळं सांगितल्याशिवाय विचारताच येणार नाही. आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. शेजारचे आजोबा मागच्या महिन्यात गेले, ९१ वर्षांचे होते. रोज संध्याकाळी पोर्चवर बसून घडीच्या चाकूने लाकडाचा तुकडा तासत बसायचे आणि माझा मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून आधी त्यांच्याकडे पळायचा. घर आवरताना त्यांच्या मुलीने तंबाखूचा एक चपटा पत्र्याचा डबा आणून दिला, म्हणाली बाबांनी सांगून ठेवलं होतं की हा त्या मुलाला द्यायचा.

आत सहा चाकू आहेत. एकाची मूठ तपकिरी, खडबडीत, तीन पाती, पात्याच्या बुडाशी केस एक्सएक्स यूएसए असं लिहिलंय, त्याखाली ७ बारीक टिंबं आणि मागच्या बाजूला ६३१८. दुसऱ्यावर रेमिंग्टन, मुठीत बंदुकीच्या गोळीच्या आकाराची पट्टी बसवलीय. तिसऱ्यात माझा सगळ्यात जास्त जीव अडकलाय: त्याची मूठ पारदर्शक, आत एका बाजूला टोपी घातलेल्या बाईचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला आजोबांच्या वडिलांचं नाव आणि गावाचं नाव. पण ती मूठ पिवळी पडलीय, पिनांभोवती तडे गेलेत, कडेच्या पितळेवर हिरवी बुरशीसारखी पुटं आलीत आणि डबा उघडला की आंबट, नाकात जाणारा वास येतो, त्यात मागे कुठेतरी कापूर. बाकीचे तीन साधे आहेत, नावं वाचता येत नाहीत.

गंमत अशी की या फोटोवाल्याला लागून असलेले दोन चाकू लालकाळे गंजलेत आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाचे अगदी ठीक! डबा कोरडा होता, कपाटात होता. मग ओल लागली तर सगळ्यांनाच लागायला हवी ना? नवरा म्हणतोय सगळे बफिंग व्हीलवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) चकचकीत करून घेऊ आणि त्या एकाची मूठ बदलून टाकू. करू का? आणि हे किती जुने असतील?

ओहायोकर:
ताई, आधी बफिंग थांबवा, बाकी सगळं नंतर!! मी ही चूक केलीय. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डनला न्यूयॉर्क नाइफ कंपनी होती, १९३१ ला बंद पडली, त्यांचा हॅमर ब्रँडचा एक चाकू मला मिळाला होता. पात्यावर कारखान्याची अक्षरं फिकट कोरलेली होती, उजेडात तिरकं धरलं की दिसायची. मी काळं पातं बघून घासत सुटलो आणि दहा मिनिटांत पातं आरशासारखं झालं आणि अक्षरं गेली. ती अक्षरं अगदी वरवर असतात, केसाएवढीही खोल नसतात, आणि ती परत आणता येत नाहीत. अजून तो चाकू हातात घेतला की पहिल्यांदा तेच आठवतं.

काळपट राखाडी रंग म्हणजे गंज नव्हे. जुनी पाती कार्बन पोलादाची, वापरून वापरून त्यांच्यावर तो रंग चढतो आणि तो राहू द्यायचा असतो. लाल पावडर उठत असेल तोच गंज. त्यावर मिनरल ऑइलचा थेंब टाका, एक दिवस राहू द्या आणि मऊ कापडाने किंवा लाकडी टूथपिकने हळूच काढा. सँडपेपर नको, तारेचा ब्रश नको, व्हील तर अजिबात नको.

पोलादी:
ओहायोकर दादा बरोबर सांगतायत. मी गंजाचं आणि वयाचं सांगतो.

ताई, तुमचं कोडं तुम्हीच निम्मं सोडवलंय, कापराचा वास लिहून. ती मूठ सेल्युलॉइडची आहे. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या काळचं प्लॅस्टिक, नायट्रोसेल्युलोजचं, त्याला लवचिक करायला कापूर मिसळतात. वर्षं गेली की ते आतून विघटित होतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सोडतं, हवेतल्या थोड्याशा ओलाव्याशी त्यांचं नायट्रिक ॲसिड होतं. म्हणजे बंद डब्यात तो एक चाकू शेजारच्या पोलादाला ॲसिडची वाफ देत पडून होता. जवळचे आधी गेले, लांबचे वाचले. पितळेवरची हिरवी पुटं पण त्यामुळेच. डबा जितका घट्ट तितकं हे जोरात होतं, कारण वायू बाहेरच जात नाही.

म्हणून आज रात्रीच तो चाकू वेगळा काढा. बंद डबी नको, प्लॅस्टिक पिशवी नको, साध्या कागदात सैल गुंडाळून हवा लागेल अशा थंड कोरड्या जागी, बाकीच्यांपासून लांब. उन्हात नको आणि हीटरजवळ मुळीच नको, सेल्युलॉइड भडकन पेटतं. खरं-खोटं बघायला तापलेली सुई टोचायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सुरू झालेलं विघटन उलटं फिरवता येत नाही, फक्त सावकाश करता येतं. फोटोंचे आणि नावाचे चांगल्या उजेडात दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, आत्ता, अजून वाचता येतंय तोवर. मूठ बदलू नका, अहो त्या चाकूत मूठच तर सगळं आहे. असे फोटोवाले चाकू ओहायोतल्या कँटन गावात खूप बनायचे, लोक ऑर्डर देऊन आपलं नाव, गाव, आपल्या लॉजचं (बंधुमंडळाचं) चिन्ह घालून घ्यायचे.

आता केस कंपनीचा तो चाकू. कारखाना तुमच्याच राज्यात, ब्रॅडफर्डला. टिंबांची पद्धत १९७० ला सुरू झाली, त्या वर्षी १० टिंबं, मग दर वर्षी एक कमी. ७ टिंबं म्हणजे १९७३. यूएसए हा शब्द १९६५ पासून आला, त्याआधी नुसतं केस एक्सएक्स. मागचा आकडा पण बोलका आहे: ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती, १८ हा नमुन्याचा नंबर. मात्र त्या काळात याच ६ आकड्याखाली डेलरिन प्लॅस्टिकच्या मुठीही निघाल्यात, तेव्हा भिंग घेऊन बघा, हाडात बारीक छिद्रांचे ठिपके दिसतात, प्लॅस्टिकात नाहीत.

रेमिंग्टनबद्दल मात्र जपून. या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला १९२० मध्ये चाकू सुरू केले, १९४० ला बंद केले, आणि त्यातले गोळीवाले सगळ्यात मागणीचे, त्यामुळे नकलाही खूप. शिवाय १९८२ पासून त्याच नावाने जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्यात, त्या नकली नाहीत, पण जुन्याही नाहीत. पातं अर्धं उघडून स्टँपचा, म्हणजे ठोकलेल्या नावाचा भाग बघा. बाकी पातं खड्डेखड्डे आणि नेमकी अक्षरांभोवतीची जागा गुळगुळीत, किंचित खोलगट असेल तर तिथे घासून नवीन स्टँप मारलाय असं समजा. पिना नव्या चमकतायत का तेही बघा, पातंच दुसरं बसवलेलं असू शकतं.

जुनापुराणा:
एक राहिलं. प्रत्येक पातं सावकाश उघडा आणि कान द्या. चांगल्या चाकूची स्प्रिंग उघडताना आणि मिटताना खट्ट वाजते, मधेच ढिली पडत नाही. ६३१८ तिन्ही पाती अशी वाजवत असेल तर तो मुलाला वापरायला पण चालेल, तेलाचा थेंब सांध्यात टाका आणि दर वेळी पुसून ठेवा. कातड्याच्या म्यानात मात्र कायमचा ठेवू नका, कमावलेल्या कातड्यातल्या द्रव्यांनी पितळ हिरवं पडतं. किंमत बघायची असली तर लोक किती मागतायत ते सोडा, किती डॉलरला प्रत्यक्ष विकले गेले तेवढंच बघा. पण खरं सांगू, हे विकू नका हो.

बर्फातली_तुळस:
सगळ्यांचे मनापासून आभार, विकायचा तर प्रश्नच नाही. फोटोवाला काल रात्रीच वेगळा काढला, आता तळघरातल्या थंड फळीवर कागदात आहे. नवऱ्याने भिंग आणलं, ६३१८ च्या मुठीवर छिद्रांचे ठिपके स्पष्ट दिसले, हाडच आहे, आणि तिन्ही पाती खट्ट वाजतात! रेमिंग्टनचं आजोबांच्या मुलीलाच विचारलं, ती म्हणाली तो तिनेच त्यांना ऐंशीच्या दशकात वाढदिवसाला नवा घेऊन दिला होता. म्हणजे नवी आवृत्ती. पण आजोबांनी त्याची धार एकदाही लावलेली नाही, पातं तसंच्या तसं आहे, तेव्हा त्यांनी तो किती जपला असेल.

गंजलेल्या दोघांना तेल लावून ठेवलंय. आज एकाच्या बुडाशी टूथपिक फिरवल्यावर अक्षरं वर यायला लागली, आत्तापर्यंत ‘रॉब’ एवढं वाचता आलंय. मुलगा बाजूला बसून बघतोय, झोपायला जायला तयार नाही.

पोलादी:
रॉबसन कंपनीचा असणार, न्यूयॉर्क राज्यातले चाकूवाले! त्यांचा शुअरएज हा शब्द पण कुठेतरी असेल, पात्याची सपाट बाजू उजेडात तिरकी धरून बघा. घासू नका. उद्या परत तेल.