वडिलांकडची बाजूही सांगा

तुमच्या बहिणीला डीसीआयएस (स्तनातल्या दुधाच्या नलिकेतला, अगदी सुरुवातीचा कर्करोग) निघालाय आणि ‘शून्य टप्प्याचा आहे, म्हणजे आनुवंशिक नसणार’ असं कुणीतरी सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. हे दोन मुद्दे कृपया वेगळे ठेवा. शून्य टप्पा म्हणजे पेशी अजून दुधाच्या नलिकेतच आहेत, भिंत ओलांडून बाहेर गेलेल्या नाहीत. त्या का बिघडल्या, हे त्यावरून कळत नाही. बीआरसीए १ किंवा २ या जनुकांमधला आनुवंशिक दोष असलेल्यांनाही डीसीआयएस होतो, आणि पसरणाऱ्या कर्करोगाशी जोडलेले बरेचसे लहान जनुकीय फरक इथेही आढळतात.

माझ्या आत्याला हाच आजार झाला. हाताला गाठ लागली नव्हती, मॅमोग्राममध्ये मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, बस्स. जनुकीय समुपदेशक बाईंनी कागदावर पुरुषांचे चौकोन, बायकांची वर्तुळं काढत तीन पिढ्या मांडल्या. आम्ही फक्त आजीकडच्या बायका सांगत होतो. त्यांनी आजोबांच्या बहिणींबद्दल विचारलं, तेव्हा एकीला अंडाशयाचा कर्करोग झाल्याचं आठवलं. दोष बापाकडूनही येतो, आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. हे आम्हाला खरंच माहीत नव्हतं.

एकूण स्तनकर्करोगांत आनुवंशिक साधारण ५ ते १० टक्केच, त्यामुळे आधीच घाबरू नका. पण बहिणीचं वय पन्नाशीच्या आत असेल तर जनुकीय तपासणीबद्दल शस्त्रक्रियेआधीच विचारा. निकालावरून शस्त्रक्रियेचा निर्णय बदलू शकतो. तपासणीही आधी तिचीच व्हावी, तुमची नंतर.