सिरियल पोर्टला कुठलं उपकरण लागलंय ते पीसीला कसं ओळखायला लावायचं?

अंबडकर:
मंडळी, नाशिकला अंबड एमआयडीसीत आमची छोटी टेस्टिंग रूम आहे, एकाच पीसीला वजनकाटा, जुना एचपी ३४४०१ए मल्टिमीटर आणि भट्टीचा टेम्परेचर कंट्रोलर, तिन्ही यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरने जोडलेत. साफसफाईला केबली निघाल्या की परत लावताना कॉम नंबर (विंडोज प्रत्येक पोर्टला देतं तो क्रमांक) बदलतात आणि काट्याचं वजन मीटरच्या कॉलममध्ये जाऊन बसतं. सॉफ्टवेअरने आपोआप ओळखावं असं होईल का? आणि कन्व्हर्टर कुठले घेऊ?

सातपूरची:
दादा, आरएस-२३२ मध्ये, म्हणजे या सिरियल जोडणीत, उपकरणाने स्वतःहून ओळख सांगायची सोयच नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतं ते कन्व्हर्टरचं नाव. म्हणून उपकरणालाच विचारायचं. मीटरला स्टार, आयडीएन, प्रश्नचिन्ह (*IDN?) एवढं पाठवून शेवटी लाइनफीड (ओळ संपल्याची खूण) द्या, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, फर्मवेअर असं स्वल्पविराम टाकून उत्तर येतं. ३४४०१ए मात्र सिरियल नंबरच्या जागी शून्यच पाठवतो, त्यामुळे पुढे दुसरा तसाच घेतलात तर यावरून वेगळे करता येणार नाहीत. मीटरचं फॅक्टरी सेटिंग ९६०० बॉड (वेग), ७ बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट आहे, नेहमीच्या ८-एन-१ वर (८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) विचाराल तर धड उत्तर मिळणार नाही. केबल क्रॉसवालीच लागते, म्हणजे पाठवायची आणि घ्यायची वायर अदलाबदल केलेली.

सिन्नरवाला:
ताई बरोबर सांगतायत, पण सगळ्या पोर्टवर सरसकट कमांड मारत सुटू नका. आधी दोन-तीन सेकंद नुसतं ऐका, बरेच काटे न विचारता सारखं वजन पाठवत असतात, तिथेच ओळख पटते. कंट्रोलर मॉडबसवर (यंत्रांची आपसात बोलायची एक ठरलेली पद्धत) असेल तर त्याच्या स्लेव्ह आयडीला (पत्त्याला) फंक्शन ३ ने, म्हणजे वाचायच्या कमांडने, एखादं रजिस्टर (आतली एक नोंद) फक्त वाचा. ओळखायच्या नादात लिहायची कमांड कधीच नको, भट्टी चालू असताना सेट पॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) हलला तर आतला सगळा माल जातो हो!

कन्व्हर्टर एफटीडीआय कंपनीच्या चिपचेच घ्या. त्यांच्या चिपमध्ये स्वतःचा सिरियल नंबर असतो, मग कुठल्याही यूएसबी सॉकेटला लावा, विंडोज तोच कॉम नंबर देतं. सीएच३४० चिपवाल्यात बहुतेक वेळा तो नसतो, सॉकेट बदललं की कॉमही बदलतो. एमजी रोडला घ्यायला गेलात तर किंमत नंतर, चिप कुठली ते आधी विचारा. आणि प्रत्येक कन्व्हर्टर त्या-त्या उपकरणाच्या केबललाच कायमचा बांधून टाका.

अंबडकर:
भारी माहिती दिलीत दोघांनी. पण आमचा काटा प्रिंटचं बटण दाबल्यावरच वजन सोडतो, मग ऐकून काय मिळणार?

सातपूरची:
काट्याच्या मेनूत कंटिन्युअस आउटपुट आहे का बघा, बऱ्याच काट्यांत असतं. नसेल तर मॅन्युअलमध्ये वजन मागायची कमांड शोधा आणि मीटरचा पोर्ट सापडल्यावर उरलेल्यांवरच ती वापरा.