मदत हवी आहे: जळालेल्या डोंगराचा डेब्रिस फ्लो (पावसात सुटणारा दगड-चिखलाचा लोंढा) नकाशा, आमची गल्ली कोरी दिसतेय म्हणजे काय समजायचं?

मंडळी, कोणी जीआयएसवाले (कॉम्प्युटरवर नकाशे करणारे) किंवा जिऑलॉजीवाले असाल तर जरा बघा. आम्ही सिएरा माद्रेला राहतो, लॉस एंजेलिसच्या वरच्या अंगाला, डोंगराला खेटून. जानेवारी २०२५ च्या ईटन आगीत मागचा डोंगर जळला, घर वाचलं. आता धास्ती पावसाची. परवा मागच्या उतारावर थोडी राख बाजूला करून बाटलीतलं पाणी ओतलं तर मुरेचना, थेंब थेंब होऊन अळवाच्या पानावरून जातं तसं घरंगळलं.

यूएसजीएसचा (अमेरिकेचं सरकारी भूगर्भ खातं) नकाशा उघडला, त्यात आमच्या मागचं खोरं लाल, म्हणजे लोंढ्याची शक्यता जास्त. पाऊस ताशी २४ मिमीवर टाकला तरी लालच, आणि ताशी २४ म्हणजे पंधरा मिनिटांत फक्त ६ मिमी हो, कोकणात एवढ्याला कोणी छत्री उघडत नाही! पण डोंगर संपला की रंगही संपतो, आम्ही दोन ब्लॉक खाली, पूर्ण कोरे. नवरा म्हणतो बघ, आपण झोनमध्ये नाही, बॅगा भरत बसू नकोस.

मग मीच क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) घेऊन बसले, सेंटिनेल-२ उपग्रहाची आगीआधीची जुलैची इमेज (ढग नव्हते म्हणून) आणि आगीनंतरची जानेवारीअखेरची घेऊन डीएनबीआर (आगीआधीच्या आणि नंतरच्या इमेजमधल्या फरकावरून किती जळलं ते सांगणारा आकडा) काढला, तर उत्तरेकडचे उतार सगळे भाजलेले, त्यात एक कडा तर असा की तिथे आग पोचलीच नव्हती. काय चुकतंय?

खडकफोड्या: ताई, जुलै आणि जानेवारीची जोडी लावू नका. जानेवारीत सूर्य खाली असतो, उत्तर उतार सावलीत जातात, वर गवताचा ऋतू वेगळा. आधीची इमेजही जानेवारीचीच घ्या. आणि डीएनबीआरवरून झाडोरा किती गेला ते कळतं, माती किती भाजली ते नाही. त्यासाठी बेअर टीम (आगीनंतर जळालेल्या भागाची पाहणी करणारी सरकारी टीम) उतारावर जाऊन राख उकरते, मुळं बघते, तुम्ही केलात तसा पाण्याचा प्रयोग करते आणि मग नकाशा दुरुस्त करते.

आता गल्लीचं. कोरं म्हणजे सेफ नाही!! ते मॉडेल २३ अंशांच्या वरचा जळालेला उतार, डीएनबीआर, माती आणि १५ मिनिटांचा पाऊस धरून खोऱ्यात लोंढा उठायची शक्यता सांगतं, गाळ किती येईल त्याचा अंदाज वेगळा असतो. खोऱ्याच्या तोंडातून बाहेर पडून लोंढा कुठे जाईल ते त्यात नाहीच. मॉन्टेसिटोला ९ जानेवारी २०१८ ला, थॉमस आगीनंतर महिन्याभरात, पाचेक मिनिटांच्या जोरदार सरीने २३ माणसं गेली, दगडगाळ पार १०१ हायवेवर. काउंटीचे इव्हॅक्युएशन झोन वेगळे असतात, ते बघा. साहेबांना म्हणावं बॅग भरा.

प्रश्नकर्ती: जानेवारी २०२४ ची इमेज लावली, तो कडा आता भाजलेला दिसत नाही, थँक्यू! नवऱ्याला मॉन्टेसिटोचे फोटो दाखवले, गप्प झालाय. पण माळीणसारखं दिवसभर पाऊस लागला तरच ना?

खडकफोड्या: उलटं. माळीणला पाणी मुरून मुरून डोंगर सुटला, इथे मुरतच नाही म्हणून वरची माती-दगड घेऊन पळतं. दिवसभराची रिपरिप चालेल एक वेळ, पंधरा मिनिटांची सर नको.

प्रश्नकर्ती: बरं. आमच्या वर काउंटीचा डेब्रिस बेसिन (दगडगाळ अडवायचा बांध घातलेला खड्डा) आहे, तो आगीनंतर उपसलाय की अजून भरलेला आहे हे कुठे कळतं? खालून नुसती भिंत दिसते.