परसातला कोंबडा पहाटे आरवतो. त्याला आवरायचे कोणी?

खुराडेवाला

रत्नागिरी शहराच्या कडेला आमचे तीन गुंठ्यांतले घर आहे आणि परसात सहा गावरान कोंबड्या व एक कोंबडा आहे. चार वर्षांपूर्वीपर्यंत गडग्यापलीकडे काजूची बाग होती. आता तिथे चार मजली इमारत आहे आणि तिच्या पहिल्या मजल्यावरच्या एका झोपायच्या खोलीची खिडकी आमच्या खुराड्यापासून जेमतेम २५ फुटांवर येते. गेल्या महिन्यात त्या घरातल्या वहिनी तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "दादा, पावणेचारला उठवतो हो तो बाळाला." त्या भांडल्या असत्या तर मला उत्तर देणे सोपे गेले असते.

तेव्हापासून माझी खटपट चालू आहे. कोंबड्याला डालग्याखाली झाकले आणि वरून दोन गोणपाटे टाकली. आवाज किंचित दबला, पण वेळ पाच मिनिटांनीही पुढे गेली नाही. एक रात्र त्याला न्हाणीघरात ठेवले, तर फरशांमुळे बांग इतकी घुमली की आमच्याच घरातली सगळी माणसे उठून बसली. गळ्यात बांधायचा एक पट्टा विकत मिळतो आणि त्याने आवाज बसतो असे एका ओळखीच्या कुक्कुटपालकाने सांगितले, पण माझा हात अजून त्याकडे वळलेला नाही.

माझे मत असे आहे की सकाळी सहापर्यंत कोंबड्याचा आवाज आवरणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे आणि सहानंतर तो आरवला तर शेजाऱ्याने ते सोसले पाहिजे. मात्र कोंबड्याला पट्टा बांधा किंवा तो काढून टाका, असे सांगण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही. आपल्याला काय वाटते?

तिसरी पाळी

मला तुमची सहाची रेषाच मान्य नाही. मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी करते, सकाळी आठला घरी येते आणि नऊला आडवी होते. आमच्या चाळीमागे एक कोंबडा आहे; तो पहाटे आरवतो, कोंबडीने अंडे घातले की आरवतो, मांजर दिसले की आरवतो आणि दुपारी दोनला काहीही कारण नसताना आरवतो. पहाटेची बांग ही फक्त जिची तक्रार होते ती बांग आहे, एवढेच.

दुसरे असे की अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे या विषयावर बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नसते. कोंबडी नराशिवायही अंडी घालते; त्यातून पिल्लू निघत नाही, एवढाच फरक. तेव्हा वस्तीत कोंबडा पाळणे ही गरज नसून हौस आहे, आणि आपल्या हौसेचा आवाज दुसऱ्याच्या उशाशी पोचत असेल तर तो आवरायचा कसा, हा प्रश्न शेजाऱ्याने सोडवायचा नसतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. २५ फुटांवरचा कोंबडा त्यात बसत नाही.

आधी आम्ही

कोंबड्याचा आवाज ऐकू येतो म्हणून तक्रार करणाऱ्यांनी काजूच्या बागेशेजारी घर घेताना काय ऐकले होते? सदनिका दाखवणाऱ्याने खिडकी उघडून "बघा, कसे निसर्गाच्या कुशीत आहे" असे सांगितलेले असते, आणि त्याच कुशीतून आवाज आला की पोलिसांत अर्ज जातो. गणपतीत मध्यरात्रीपर्यंत ताशा चालतो, लग्नाच्या वरातीत छातीत धडधड होईल असा डीजे चालतो. तिथे कोणी डेसिबल मोजत नाही.

फ्रान्समध्ये हाच वाद न्यायालयात गेला होता. ओलेरों बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजारी सुट्टीचे घर घेतलेल्या जोडप्याने दावा लावला आणि २०१९ साली निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला. पुढे २०२१ मध्ये तिथल्या संसदेने ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा वारसा मानणारा कायदा केला. आपल्याकडे मात्र वारसा म्हटला की फक्त किल्ले आठवतात.

तिसरी पाळी

त्या जोडप्याचे ते सुट्टीचे घर होते, हे तुम्हीच लिहिले आहे. इथे ती खोली तान्ह्या मुलाची आहे. आणि एक गोंगाट सोसतो म्हणून दुसराही सोसा, हा युक्तिवाद ताशा वाजवणारेही करतात. त्यांचे उदाहरण नेमके कोंबडा असते.

दाखलाच द्यायचा तर जवळचा घ्या. केरळात अडूर इथे एका वृद्ध गृहस्थांनी पहाटे तीनला आरवणाऱ्या शेजारच्या कोंबड्याबद्दल तक्रार केली होती. २०२५ मध्ये तिथल्या महसूल अधिकाऱ्यांनी पाहणी करून गच्चीवरचे खुराडे चौदा दिवसांत हलवायला सांगितले. "आम्ही आधीपासून आहोत" हा बचाव उपद्रवाच्या दाव्यात सहसा टिकत नाही.

पशुवैद्य, निवृत्त

वाद चालू राहू द्या, पण पट्ट्याचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो, कारण तो बांधणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे बहुधा माहीत नसते.

माणसाचा आवाज गळ्याच्या वरच्या भागात तयार होतो. पक्ष्यांचे स्वरयंत्र त्याच्या बरेच खाली, म्हणजे श्वासनलिका दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते तिथे, छातीच्या आत असते. गळ्यातला पट्टा त्यामुळे आवाजाच्या जागी पोचतच नाही. तो फक्त आरवताना एका दमात वर येणाऱ्या हवेची वाट अरुंद करतो. सैल बांधला तर कोंबडा आरवतोच, आणि घट्ट बांधला तर श्वास व गिळणे दोन्हींवर ताण येतो. शिवाय पट्टा चुकवण्यासाठी मान खाली घालून उलटे चालताना खालची चोच त्यात अडकते. वाढत्या वयाच्या नराची मान रोज जाड होत असते, त्यामुळे सोमवारी बरोबर बसलेला पट्टा पुढच्या सोमवारी फास ठरू शकतो. मी तो कधीही सुचवलेला नाही.

खुराडेवाले, तुमचे गोणपाट का फसले तेही सांगतो. कोंबडा उजेड पाहून आरवतो, हा समज अर्धाच खरा आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही साधारण पावणेचोवीस तासांच्या आवर्तनाने आपापल्या वेळी आरवत राहतात, आणि ठरल्या वेळी दिवा लागत असेल तर त्याच्या सुमारे दोन तास आधीच सुरुवात करतात. घड्याळ त्याच्या अंगातच आहे. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. झाकलेले कोंबडेसुद्धा आरवायचे राहत नाही, एवढी त्यात भर घालायला हरकत नाही. मोटारीच्या दिव्याचा झोत किंवा लांबच्या कोंबड्याची बांग यांनी त्याला चिथावणी मिळते आणि तिचा परिणाम पहाटे जास्त होतो. तेवढ्यापुरता अंधाराचा उपयोग आहे.

खच्चीकरणाने आरवणे थांबते, हे ग्योटिंगेनच्या बेर्टोल्ड यांनी १८४९ सालीच पाहिले होते. वृषणे पुन्हा पोटात बसवली तेव्हा कोंबडे परत आरवू लागले. पण कोंबड्याची वृषणे पाठीच्या कण्यालगत पोटात असतात, म्हणजे एका बांगेसाठी पोट उघडायचे. परसातल्या एका पक्ष्यासाठी हा सल्ला कोणी देत असेल तर त्याला आधी स्वतः चाकू धरून पाहायला सांगा.

वडे-सागोती

एवढे संशोधन वाचून भूक लागली. आमच्याकडे या समस्येवर एकच तोडगा आहे आणि तो रविवारी दुपारी लोखंडी कढईशेजारी असतो.

मोजपट्टी

४५ डेसिबलचा आकडा वर आला आहे, त्यात एक दुरुस्ती हवी. ती मर्यादा एका क्षणाच्या आवाजाची नसून ठरावीक काळातल्या सरासरीची आहे. दोन सेकंदांची बांग, ती दहा वेळा झाली तरी, रात्रभराच्या आठ तासांवर पसरली की कागदावर बरीच पातळ होते, त्यामुळे हा नियम पुढे करून जिंकणे वाटते तितके सोपे नाही. अर्थात झोपलेला कान सरासरी काढत नाही, हेही खरे आहे, आणि म्हणून मला हा प्रश्न नियमापेक्षा अंतराचा आणि भिंतीचा वाटतो.

उघड्यावर अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. बांग एक मीटरवर ९० धरली तर २५ फुटांवर ती ७२ च्या आसपास येते आणि ५० फुटांवर ६६ होते. तीन गुंठ्यांत यापेक्षा लांब जाता येणार नाही, म्हणजे नुसत्या अंतराने भागणार नाही. खुराडे आणि ती खिडकी यांच्यामध्ये घर आले पाहिजे. तुमचे खुराडे आता गडग्याला टेकून असेल तर तो गडगाच आवाज परतवत असणार. चिऱ्याची भिंत जड असते म्हणून ती आवाज अडवते. गोणपाट हलके असते म्हणून ते फक्त कर्कशपणा कमी करते. आणि आवाज पाण्यासारखा असतो, जिथे फट असेल तिथून तो येतो, तेव्हा जाळीचे तोंड इमारतीच्या उलट दिशेला ठेवा.

खुराडेवाला

तिसरी पाळी यांच्या एका मुद्द्याला उत्तर देतो. कोंबडा अंड्यांसाठी लागत नाही हे मला माहीत आहे. पण आमच्याकडे दिवसभर कोंबड्या मोकळ्या असतात, मागच्या वहाळातून मुंगूस येते आणि वरून घार फिरते. घार दिसली की हा एक लांब, बारीक आवाज काढतो आणि सहाही कोंबड्या पाच सेकंदांत करवंदीच्या जाळीत शिरतात. किडा सापडला तर स्वतः न खाता चोचीने उचलून पुन्हा खाली टाकतो आणि टुक-टुक करून कोंबड्यांना बोलावतो. याला हौस म्हणा, पण नुसती शोभा म्हणू नका.

मोजपट्टी यांचे म्हणणे मनात ठेवून गेल्या रविवारी मी आणि भावोजींनी खुराडे उचलून घराच्या पश्चिमेला, वहाळाच्या बाजूला नेले. तिकडे वस्ती नाही. तीन बाजूंना उरलेले चिरे रचले, आत भाताचा पेंढा भरला आणि तोंड वहाळाकडे केले. शिवाय कोंबड्यासाठी रात्रीपुरता वेगळा कप्पा केला. आरवण्याआधी तो दोनदा पंख फडकवतो, मग टाचा उचलतो आणि मान पूर्ण ताणून वर नेतो; ते ताणणेच होऊ नये म्हणून कप्प्याचे छप्पर त्याच्या तुऱ्याच्या चार बोटे वर आणले.

पशुवैद्य, निवृत्त

खुराड्याची जागा बदललीत, हे उत्तम केलेत. कप्प्याबद्दल मात्र सावध करतो. बुटके छप्पर रात्रीच्या काही तासांपुरते चालते, पण त्याला सरळ उभे राहता आणि वळता आलेच पाहिजे. हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमात बसते. दुसरे, हे कोकण आहे. चिरे आणि पेंढा यांच्यामध्ये विष्ठेचा उग्र वास साचतो, आणि मे महिन्यात तर कोंबडा चोच उघडी टाकून धापा टाकू लागेल. खाली आणि वर अशा समोरासमोर दोन फटी ठेवा, पेंढा दर तीन-चार दिवसांनी बदला, आणि सहाला उघडायचे ठरवले असेल तर सहालाच उघडा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

आधी आम्ही

म्हणजे इमारत बांधणाऱ्याने गडग्याला चिकटून खिडकी काढली आणि चिरे रचले ते खुराडेवाल्यांनी. झोपायच्या खोलीला दुहेरी काच लावा, असे बिल्डरला सांगायला कोणी गेले का? शहाण्या माणसानेच दर वेळी का वाकायचे?

तिसरी पाळी

कारण कोंबडा त्यांचा आहे. खुराडेवाले, तुम्ही केलेत ते मनापासून आवडले, तरी एक विचारते. वहिनी आता काय म्हणतात?

खुराडेवाला

काल मुद्दाम विचारून आलो. बांग ऐकू येते, पण बाळ उठत नाही. त्यांना स्वतःला मात्र अजून जाग येते, कारण आता ती वेळ त्यांच्याच अंगात बसली आहे. पावणेचारला डोळे उघडतात आणि कोंबडा आरवायची वाट बघत त्या पडून राहतात, असे हसून म्हणाल्या. मला हसू आले नाही.

शेजाऱ्याला कोंबडा काढा म्हणायचा अधिकार नाही, असे मी वर ठामपणे लिहिले होते. त्याबाबत मी थोडा मागे येतो. श्रावणात खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली होती. नऊ पिल्ले निघाली आणि त्यांतली चार नर आहेत, हे आता तुऱ्यांवरून दिसते. परवा त्यांतल्या एकाने टाचा उचलून पहिल्यांदा आरवून पाहिले आणि गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. जुना कोंबडा माझ्याकडे राहील. चार नवे राहणार नाहीत. लांज्याच्या एका शेतकऱ्याशी बोलणे झाले आहे, तो पुढच्या शनिवारी दोन नेणार आहे. उरलेल्या दोघांसाठी वडे-सागोती यांनी कृपया घाई करू नये.